अनत्ता : ‘मी’ नसण्याचा अर्थ

धर्मग्रामातील तरुणांच्या अभ्यासमंडळात गेल्या वर्षी एक प्रश्न विचारण्यात आला. विचारणारी मुलगी महाविद्यालयात शिकते. तिच्या वर्गातील बौद्ध मैत्रिणीने तिला सांगितले होते की, भगवान बुद्धांच्या शिकवणुकीप्रमाणे माणसाला आत्मा नसतो. मुलीचा प्रश्न सरळ होता : आत्माच नसेल, तर निर्वाण मिळते म्हणजे नेमके कोणाला मिळते? आणि त्याच्या पाठोपाठ तिने दुसराही विचारला. २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो त्या कोणासाठी, हे आपल्याला तरी नीट ठाऊक आहे काय?

दुसऱ्या प्रश्नाने मंडळी गप्प झाली. पहिल्याचे उत्तर मात्र अनेकांकडे तयार होते. बुद्ध नास्तिक; देव मानीत नव्हते, आत्मा मानीत नव्हते; तेव्हा त्यांच्या निर्वाणात कोणी शिल्लक राहण्याचा प्रश्नच नाही! हे उत्तर आपल्या घरांतून सहज दिले जाते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यात बौद्ध धर्माचा आदरपूर्वक उल्लेख आहे, आणि इतर धर्मांत जे खरे व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा धिक्कारीत नाही, अशी ग्वाहीही आहे. इतक्या वर्षांनंतर आपल्या ओठांवर जर तेच जुने उत्तर असेल, तर परिषदेचा तो कागद आपण जपून कपाटात ठेवला, एवढेच म्हणावे लागेल. शिवाय बौद्ध बांधव आपल्यापासून दूर नाहीत. ते आपल्या शेजारी राहतात, आपल्या मुलांच्या बाकावर बसतात. ज्यांच्याशी रोजचा संबंध आहे, त्यांच्या श्रद्धेचा मथितार्थ एका शब्दात उडवून लावणे हे शेजारधर्माला धरून नाही.

म्हणून ती शिकवण आहे तरी काय, हे प्रथम पाहू.

बोधगयेला पिंपळाखाली बोधी प्राप्त झाल्यानंतर बुद्ध काशीजवळच्या इसिपतनात, म्हणजे आजच्या सारनाथला आले. तेथे आपल्या पाच जुन्या सोबत्यांना त्यांनी पहिला उपदेश केला तो दुःखाचा आणि दुःखमुक्तीच्या मार्गाचा. दुसरा उपदेश अनत्ताविषयीचा. पालीत ‘अत्ता’ म्हणजे आत्मा आणि ‘अनत्ता’ म्हणजे जे आत्मा नव्हे ते. माणूस म्हणून जे जे आपल्या अनुभवाला येते त्याचे त्यांनी पाच गट केले : रूप म्हणजे हा देह, वेदना म्हणजे सुखदुःखाची जाणीव, संज्ञा म्हणजे वस्तू ओळखणे, संस्कार म्हणजे मनाच्या घडणी, सवयी, संकल्प, आणि विज्ञान म्हणजे जाणणे. यांना पाच स्कंध म्हणतात. यावरचा त्यांचा युक्तिवाद पंडिती नाही. देह जर खरोखर ‘मी’ असतो, तर त्यावर माझा हुकूम चालला असता. असा हो, तसा होऊ नकोस, असे मला त्याला सांगता आले असते. तसे होत नाही. देह आजारी पडतो. मनाची गोष्ट तीच. मग जे आपल्या ताब्यात नाही, जे क्षणोक्षणी पालटते आणि पालटताना दुःख देते, त्याला ‘हा मी’ आणि ‘हे माझे’ असे का म्हणावे?

रुग्णाच्या उशाशी बसण्याचे ज्यांचे काम आहे, त्यांना या युक्तिवादाचे वजन लगेच कळते. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारा माणूस आपल्या मूत्रपिंडांना आज्ञा देऊ शकत नाही. अर्धांगाने पडलेली आजी आपल्या हाताकडे परक्या वस्तूकडे पाहावे तशी पाहत असते. आणि मन तर देहाहूनही बेबंद! वीस वर्षांपूर्वी भावाने केलेला अपमान विसरायचा, असे ठरवून मनुष्य पापनिवेदनाला येतो, आणि घराच्या उंबरठ्यावर पोहोचण्यापूर्वी तो अपमान त्याच्या आधी घरात शिरलेला असतो.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. या उपदेशात बुद्धांनी ‘काहीच नाही’ असे म्हटलेले नाही. प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून, हे तुझे नव्हे, असे ते सांगत गेले. दोहोंत फार अंतर आहे. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने त्यांना एकदा थेटच विचारले, आत्मा आहे काय? बुद्ध गप्प राहिले. मग आत्मा नाही काय? बुद्ध पुन्हा गप्प. तो उठून गेल्यावर आनंदाने या मौनाचे कारण विचारले. बुद्धांचे म्हणणे असे की, आहे म्हटले असते तर आत्मा शाश्वत मानणाऱ्यांची बाजू घेतल्यासारखे झाले असते. नाही म्हटले असते तर मृत्यूबरोबर सर्व संपते असे मानणाऱ्यांची. आणि आधीच गोंधळलेला तो बिचारा, पूर्वी आपल्याला आत्मा होता तो आता हरवला, असे समजून अधिकच गोंधळला असता. उत्तर देण्यापूर्वी विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहणारा हा गुरू आम्हाला आवडतो. व्यासपीठावरून बोलणाऱ्या आम्हा मंडळींना हे नेहमी साधतेच असे नाही.

पुढे काही शतकांनी हाच प्रश्न एका ग्रीक राजाने विचारला. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर मिनँडरचे राज्य होते. पाली ग्रंथ त्याला मिलिंद म्हणतात. सागल, म्हणजे बहुधा आजचे सियालकोट, ही त्याची राजधानी. भिक्खू नागसेनाशी झालेला त्याचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात आहे. नाव विचारले तेव्हा नागसेन म्हणाला की, लोक मला नागसेन म्हणतात खरे, पण ते केवळ नाव. त्यामागे स्वतंत्र अशी व्यक्ती सापडणार नाही. राजा चपापला. तसे असेल तर भिक्षा कोण घेतो, शील कोण पाळतो? आणि तुला कोणी ठार मारले तर खून झाला असे म्हणायचे की नाही? नागसेनाने उलट विचारले, महाराज, आपण येथे कसे आलात? रथातून. मग रथ दाखवा पाहू. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? एकेक भाग वेगळा काढला तर रथ नावाची वस्तू कोठेच उरत नाही; भाग जुळून आले म्हणजे ‘रथ’ हा शब्द वापरायचा, इतकेच.

रथाचा हा दृष्टान्त बहुतेकांना ऐकून ठाऊक असतो. आमच्या मते त्याच ग्रंथातील आंब्याचा दृष्टान्त अधिक मोलाचा आहे. नैतिक प्रश्न तेथे आहे. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडला गेल्यावर तो म्हणू लागला की, याने जमिनीत लावला तो आंबा निराळा आणि मी तोडले ते आंबे निराळे. मी याचे काहीच चोरले नाही. त्याला शिक्षा होईल की नाही? राजा म्हणाला, अर्थातच होईल; कारण हे आंबे त्या आंब्यातूनच आले. माणसाच्या कर्माचेही तसेच, असे नागसेनाने सांगितले. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नव्हे, तरी परकीही नव्हे. ‘मी’ नावाचा अचल गाभा नसला, तरी केलेल्याची जबाबदारी सुटत नाही.

हे उत्तर सर्वांना पुरेसे वाटलेले नाही, हेही नमूद केले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रारंभीच हा पेच मांडला आहे : आत्मा नाही म्हणायचे आणि कर्म व पुनर्जन्म आहेत म्हणायचे, हे जुळते कसे? त्यांनी पुनर्जन्माचा अर्थच वेगळा लावला. आत्म्याचा पुनर्जन्म त्यांनी मानला नाही. परंपरेतील भिक्खूंना तो अर्थ मान्य नसेल. परंतु आपल्या धर्माला असा उघड प्रश्न विचारणे आणि तरीही तो धर्म मनापासून स्वीकारणे, ही वृत्ती आपण ख्रिस्ती लोकांनी अभ्यासण्यासारखी आहे.

आता ज्या कथेसाठी हा लेख लिहावा असे आम्हाला वाटले तिच्याकडे वळू. संयुत्तनिकायात खेमक नावाच्या एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. कोसंबी नगरीजवळ तो अंथरुणाला खिळून होता. थोर भिक्खूंनी एका निरोप्याकरवी त्याची प्रकृती विचारली. वेदना वाढत आहेत, असे उत्तर आले. मग त्यांनी विचारायला पाठवले, पाच स्कंधांपैकी कशाला तू आत्मा समजतोस काय? खेमकाने कळवले, नाही, कशालाच नाही. मग तू मुक्त झालास तर? खेमकाने कळवले, तेही नाही. निरोप्या जात होता, येत होता. शेवटी खेमक स्वतः काठी टेकत टेकत उठला आणि त्यांच्याकडे चालत गेला.

तेथे त्याने जे सांगितले ते असे. ‘मी’ हा देह आहे असे मला वाटत नाही. देहाहून वेगळा कोणी ‘मी’ आहे असेही वाटत नाही. तरीपण ‘मी आहे’ असा भाव माझ्यातून गेलेला नाही. कमळाचा गंध पाकळीचा म्हणावा, देठाचा म्हणावा की केसरांचा? तो फुलाचा, एवढेच म्हणता येते. तसा हा ‘मी’पणा कशाला चिकटला आहे ते दाखवता येत नाही, पण तो आहे. आणि मग त्याने दुसरा दृष्टान्त दिला. मळलेले कापड मालक परटाकडे देतो. परीट ते खार, राखेचे पाणी किंवा शेण लावून चोळतो आणि स्वच्छ पाण्यात खळबळून काढतो. कापड निर्मळ होते. पण खाराचा, शेणाचा वास त्यात राहतो. मालक ते सुगंधी पेटीत ठेवतो. हळूहळू तो राहिलेला वासही जातो. साधकाचे तसेच असते. ‘मी’विषयीच्या चुकीच्या समजुती धुऊन गेल्या, तरी ‘मी’चा वास मागे राहतो, दीर्घकाळच्या चिंतनाने तो निघून जातो. ग्रंथ सांगतो की, हे ऐकता ऐकता साठ थोर भिक्खू मुक्त झाले, आणि सांगता सांगता खेमकही.

या कथेने अनात्मवादाविषयीचे अनेक गैरसमज परस्पर दूर होतात. आत्मा आहे की नाही या वादात जिंकणे म्हणजे बोधी नव्हे. खेमक तो वाद कधीच जिंकलेला होता. राहिला होता तो वास. आणि तो वास आपल्या परिचयाचा आहे. आपल्यात असे सज्जन असतात, ज्यांनी दारू सोडली, भांडणे सोडली, सातबाऱ्यावरचे नावसुद्धा भावासाठी सोडले. पण ‘मी सोडले’ हे मात्र सुटले नाही. चर्चच्या वेदीपाशी गायनवृंदात, सणाच्या समितीत, आणि, का लपवावे, धर्मगुरूंच्या काळ्या झग्यातही हा वास येतो. कापड पांढरे स्वच्छ असते. संत फ्रान्सिस आसिसीकरांपासून लहान फुलाच्या संत तेरेझापर्यंत आपले सारे संत ज्याच्याशी झगडले ते हेच असावे.

‘ज्ञानप्राप्ती’ हा मराठीतील रूढ शब्द या दृष्टीने थोडा फसवा आहे. एखादी गुप्त माहिती मिळावी किंवा डोक्याभोवती तेज पसरावे, असे काहीतरी त्यातून सूचित होते. ‘बोधी’ म्हणजे जाग. ‘बुद्ध’ म्हणजे जागा झालेला. झोपेत असताना स्वप्नातील चोर आपल्याला पळायला लावतो. जाग आली म्हणजे चोराला पकडावे लागत नाही. ‘निर्वाण’ म्हणजे विझणे. काय विझणे? राग, म्हणजे आसक्ती, द्वेष, आणि मोह. गयेजवळच्या उपदेशात बुद्धांनी या तीन आगींनी सारे इंद्रियविश्व पेटले आहे, असे सांगितले होते. ती आग विझते. माणूस विझतो असे त्यांनी म्हटलेले नाही. मुक्त पुरुष मृत्यूनंतर कोठे जातो, असे विचारले असता त्यांनी उलट विचारले की, समोरची आग इंधन संपून विझली तर ती पूर्वेला गेली म्हणायची की पश्चिमेला? प्रश्नच लागू पडत नाही.

आणि इतिहास पाहावा तर बोधी प्राप्त झाल्यावर हा पुरुष पंचेचाळीस वर्षे पायी हिंडला. पाठ दुखू लागली म्हणजे तो उपदेश शिष्याकडे सोपवून आडवा होत असे, असे त्याचेच ग्रंथ सांगतात. ऐंशीव्या वर्षी कुसिनारेला देह ठेवीपर्यंत भेटेल त्याला तो शिकवत होता. ज्याच्यातील ‘मी’ गेला त्याच्यातून करुणा गेली नाही. आडवे येणारे कोणी उरले नाही म्हणून ती मोकळी झाली.

म्हणूनच संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात बौद्ध धर्माची मुक्तीविषयीची कल्पना जवळजवळ पूर्णतः नकारात्मक आहे, असे मत मांडले, तेव्हा श्रीलंकेतील बौद्ध दुखावले. जानेवारी १९९५ मध्ये पोप कोलंबोला गेले असता प्रमुख भिक्खू त्यांच्या भेटीला आले नाहीत. पोपमहोदयांचा हेतू निर्मळ होता याविषयी आम्हाला शंका नाही. पण निर्वाणाला केवळ नकार म्हणणे हे खेमकाची गोष्ट अर्ध्यावर सोडण्यासारखे आहे. त्याच भेटीत त्यांनी गोव्याचे जोसेफ वाझ यांना धन्यवादित घोषित केले, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. फादर वाझ १६८७ साली वेष पालटून लंकेत उतरले, डच अमलाखाली लपलेल्या कॅथलिकांना धीर देत फिरले आणि पुढे कँडीला हेरगिरीच्या संशयावरून कैदेत पडले. मात्र त्याच कँडीच्या बौद्ध राजाने पुढे त्यांना आश्रय दिला. १६९७ साली देवीची साथ आली तेव्हा लोक रोग्यांना टाकून पळाले. फादर वाझ त्यांची सेवा करीत राहिले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले, आणि त्याच दिवशी कार्यक्रमात नसतानाही ते एका बौद्ध विहारात गेले.

संत जोसेफ वाझ यांचे वडिलांकडील घराणे गोव्यातील सांकवाळचे. त्याच सांकवाळला १८७६ साली धर्मानंद कोसंबी जन्मले. बुद्धांच्या ओढीने तेही लंकेला गेले, १९०२ साली, आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यापीठात पाली शिकले. मराठी वाचकाला बुद्ध मराठीतून भेटले ते मुख्यतः धर्मानंदांच्या ग्रंथांमुळे. एकाच गावातून दोन माणसे एकाच बेटावर गेली. एक ख्रिस्त देण्यासाठी, एक बुद्ध घेण्यासाठी. सांकवाळचे लोक दोघांचाही अभिमान बाळगतात की नाही, कोण जाणे. त्यांनी बाळगावा.

आता आपल्याकडे पाहू. ‘आत्मा अमर आहे’ हे वाक्य म्हणजेच आपली श्रद्धा, अशी अनेकांची समजूत आहे. पिंजऱ्यातील पक्ष्यासारखा एक अदृश्य ‘मी’ देहात बसलेला असतो, आणि मेल्यावर दार उघडून तो उडून जातो. हे चित्र ख्रिस्ती कमी आणि ग्रीक अधिक आहे. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास प्रकट करतो. संत थॉमस अक्वायनस यांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रावरील आपल्या भाष्यात तर असे स्पष्ट म्हटले आहे की, माझा आत्मा म्हणजे संपूर्ण मी नव्हे. केवळ आत्मा वाचला तर मी वाचलो असे होत नाही. म्हणजे देहात लपलेला, स्वयंपूर्ण, आपल्या बळावर अमर असा ‘मी’ आपल्या परंपरेलाही मान्य नाही. सिएनाच्या संत कॅथरिनला देवाने सांगितले होते की, तो आहे आणि ती नाही. हे ऐकून ती खचली नाही, सुखावली. आपले असणे आपल्या पदरचे नाही. ते क्षणोक्षणी दिले जात आहे, हा त्याचा अर्थ.

येथवर आपण आणि बुद्ध बरोबरीने चालतो. वाट येथेच फुटते. बुद्ध म्हणतात, ‘हे माझे नव्हे’, आणि तेथे थांबतात. आपण म्हणतो, ‘मी माझा नव्हे’, आणि मग लगेच सांगावे लागते की मी कोणाचा. देणारा आहे असे आपण मानतो. बुद्धांच्या वाटेवर देणाऱ्याचा उल्लेख नाही, आणि आदरापोटी आपण तो तेथे घुसडूही नये. बोधी आणि पुनरुत्थान एकच, निर्वाण म्हणजेच स्वर्ग, अशी भाषणे सर्वधर्मीय सभांतून ऐकू येतात. टाळ्या पडतात. पण त्यात दोन्ही धर्मांचा अपमान होतो असे आमचे मत आहे.

हा फरक किती खोल आहे ते दोन मातांच्या कथांत दिसते. किसा गोतमी नावाची तरुण आई मेलेले बाळ कडेवर घेऊन औषध मागत दारोदार फिरत होती. बुद्धांनी तिला मोहरी आणायला सांगितले. अट एवढीच की, ज्या घरात कधी कोणी मेले नाही त्या घरची हवी. ती गावभर हिंडली. मोहरी घरोघर होती, तसे घर नव्हते. संध्याकाळपर्यंत तिला कळायचे ते कळले. तिने बाळाला स्मशानात ठेवले आणि ती परत आली. दुसरी कथा लूककृत शुभवर्तमानातील. नाईन गावच्या वेशीवर एका विधवेच्या एकुलत्या एक मुलाची अंत्ययात्रा निघाली आहे. प्रभू येशूला तिचा कळवळा येतो, तो तिरडीला हात लावतो आणि मुलाला उठवून आईच्या स्वाधीन करतो.

ख्रिस्ती वक्ते या दोन कथा शेजारी ठेवून सहज निकाल देतात. बुद्धाने समजूत घातली, ख्रिस्ताने मुलगा दिला! ज्याला दर महिन्याला दफनविधी करावे लागतात त्याला हा निकाल इतका सोपा वाटत नाही. आपल्या धर्मग्रामातील ज्या मातांनी मुले गमावली, त्यांच्यापैकी एकीलाही नाईनच्या विधवेला मिळाले ते अद्याप मिळालेले नाही. वेशीवर कोणी तिरडी थांबवली नाही. त्यांना प्रत्यक्षात मिळाले ते गोतमीलाच मिळाले होते : दुसऱ्या घरांतून आलेल्या बायका, ज्यांच्याही घरी कोणी ना कोणी गेलेले होते. शेजारणींनी रात्र रात्र त्यांच्याजवळ बसून काढली. ती मोहरी आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. नाईनची आशा आम्ही त्यांच्यापुढे ठेवतो ती श्रद्धेने, हातात पुरावा घेऊन नव्हे.

तरीही ती आशा आम्ही सोडू शकत नाही. आणि याचे कारण केवळ भीती नाही. आठव्या शतकातील बौद्ध आचार्य शांतिदेव यांनी ‘बोधिचर्यावतार’ या ग्रंथात असा विचार मांडला आहे की, दुःखाला मालक नसतो. तेव्हा माझे दुःख आणि दुसऱ्याचे दुःख असा भेद करण्याला आधार नाही. दुःख आहे म्हणून ते दूर करायचे. याहून उदात्त नीतिविचार आम्हाला फारसा आढळलेला नाही. पण दफनभूमीत उभी असलेली आई ‘दुःख’ नावाच्या वस्तूसाठी रडत नसते. ती एका मुलासाठी रडते, ज्याला डाळीतील कढीपत्ता आवडत नसे आणि जो उजव्या कुशीवर झोपत असे. प्रेम नेहमी कोणावर तरी असते. पाच स्कंध जुळले आणि सुटले, हे खरे असेल; परंतु ज्याने त्यांना जुळवून त्या मुलाला नावाने हाक मारली, त्याला ते नाव विसरता येणार नाही, असे आपण मानतो. मुलाजवळ अमर असे काही होते म्हणून तो राहील, असे नव्हे. त्याच्यावर प्रेम करणारा राहतो, म्हणून तो राहील. अभ्यासमंडळातील मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाला आमच्याकडे असलेले उत्तर ते हे. मेणबत्ती त्या नावासाठी.

मात्र खेमक येथेही आपल्याला सोडत नाही. स्वर्गाची आपली ओढ कितपत श्रद्धेची आणि कितपत त्या वासाची? ‘मला तेथे माझी माणसे भेटतील, माझे घर असेल, माझे सुख असेल’, या वाक्यांत देवाला जागा कोठे आहे? इहलोकीचे ‘माझे’ पुढे परलोकातही चालू राहावे एवढीच जर आपली आशा असेल, तर बौद्ध शेजाऱ्याने तिला आसक्ती म्हटल्यास त्याच्यावर रागावण्याचे कारण नाही. प्रभूने तर स्वतःला रिक्त केले असे संत पौल फिलिप्पैकरांना सांगतो. त्या रिक्ततेची वाट न चालता पुनरुत्थानाच्या सकाळी पोहोचता येईल, असे शुभवर्तमानात कोठेही म्हटलेले नाही.

शेवटी आपल्याच किनाऱ्याची एक कथा. पुण्ण नावाच्या भिक्खूने बुद्धांपाशी सुनापरांत देशी जाऊन राहण्याची परवानगी मागितली. सुनापरांत म्हणजे आपला अपरांत, सोपाऱ्याचा परिसर, असे सामान्यतः मानले जाते. बुद्ध म्हणाले, तेथील लोक तापट आहेत. त्यांनी शिव्या दिल्या तर? हाताने मारले नाही, हा त्यांचा चांगुलपणा असे मी समजेन, असे पुण्ण म्हणाला. हाताने मारले तर? ढेकळांनी मारले नाही असे समजेन. ढेकळांनी, काठ्यांनी, शस्त्राने, असे प्रश्न वाढत गेले आणि उत्तरे तशीच शांत राहिली. आणि ठार मारले तर? देहाला विटून मृत्यू शोधीत जाणारे लोक असतात. मला तो न शोधता मिळाला असे समजेन. बुद्धांनी परवानगी दिली.

या शेवटच्या उत्तरापाशी आम्ही दर वेळी अडखळतो. क्रूसावर प्रभूने मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली. म्हणजे घाव हा घाव आणि अपराध हा अपराध, असे मानून क्षमा मागितली. पुण्णाच्या लेखी क्षमा करावी असे काही घडलेलेच नसते. वसईचे संत गोन्सालो गार्सिया बौद्ध जपानमध्ये गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रूसावर मारले गेले. त्यांचे धैर्य पहिल्या जातीचे होते. या दोन धैर्यांपैकी कोणते मोठे, हे ठरवण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. एवढे खरे की, मरायची तयारी करून एक माणूस या किनाऱ्यावर आला होता आणि मरायची तयारी ठेवून एक माणूस येथून गेला.

पुण्णाला कोणी मारले नाही. पहिल्याच पावसाळ्यात शेकडो स्त्रीपुरुष त्याचे अनुयायी झाले, असे सुत्त सांगते. पुढे त्याचे देहावसान झाले. तेव्हा भिक्खूंनी बुद्धांना विचारले की, तो कोठे गेला? आपण दफनभूमीत विचारतो तेच. बुद्धांनी उत्तर दिले की, पुण्ण शहाणा होता, धम्माच्या बाबतीत त्याने आपल्याला कधी त्रास दिला नाही. तो निर्वाणाला पोहोचला. सोपाऱ्याच्या ज्या टेकाडाला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत, ते १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरले आणि आत स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी होती. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले आणि भिक्षापात्राच्या म्हणून जपलेल्या मातीच्या काही खापऱ्या. त्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. स्तूप आहे तेथेच आहे, नालासोपाऱ्याला, स्टेशनापासून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर. अभ्यासमंडळातील त्या मुलीची मैत्रीण दर बुद्धपौर्णिमेला तेथे जाते.